टॅरोची पाने : चित्र, शब्द आणि आत्मवाचन

टॅरोच्या पानांशी ज्यांचा नित्याचा संबंध येतो, ती माणसे आपल्या व्यवहाराला खेळ म्हणत नाहीत आणि भविष्यकथन असेही अलीकडे क्वचितच म्हणतात. त्यांचा रूढ शब्द ‘वाचन’ हा आहे. पाने पिसली जातात, त्यांतील काही ठरावीक जागी मांडली जातात, आणि मग ती ‘वाचली’ जातात. हा प्रयोग केवळ लाक्षणिक आहे असे मानून पुढे जाणे सोपे आहे; परंतु भाषेच्या अभ्यासकाला तसे करता येणार नाही. जेथे वाचन आहे तेथे वाचण्याजोगी संहिता हवी, संकेतांची काही एक व्यवस्था हवी, आणि संहितेहून निराळा असा वाचकही हवा. गेल्या चाळीसएक वर्षांत टॅरोला एकांतातील वैयक्तिक साधनेचे जे रूप आले आहे, त्यात प्रश्न विचारणारा, पाने काढणारा, ती वाचणारा आणि उत्तर ऐकणारा ही एकच व्यक्ती असते. अशा वाचनात अर्थ कोठून येतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या अर्थाहून तो वेगळा असू शकतो काय, हा खरा प्रश्न होय. पाने खरे सांगतात की खोटे, हा वाद त्यामानाने गौण आहे.

प्रथम पानांच्या वंशावळीविषयी. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मामलुक काळातील पत्त्यांचा एक संच जतन केलेला आहे. पेले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या असे त्याचे चार रंग असून प्रत्येक रंगात मलिक, नायब आणि दुय्यम नायब असे अधिकारी आहेत. यांतील ‘नायब’ या अरबी शब्दावरून पत्त्यांना जुन्या इटालियनमध्ये ‘नाइबी’ व स्पॅनिशमध्ये ‘नाइपेस’ ही नावे मिळाली. फ्लॉरेन्समध्ये 1377 साली या नव्या खेळावर बंदी घालण्यात आली, तीही याच नावाने. मराठीत हाच शब्द फारसीच्या वाटेने येऊन नायब तहसीलदाराच्या पदनामात स्थिरावला. सावंतवाडीची गंजिफाही याच विस्तृत कुळातली. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि 120 पाने असतात. प्रत्येक रंगाचा अधिपती एक अवतार असतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : ज्या पानांवर साक्षात देवांची चित्रे होती, ती खेळाची पानेच राहिली, आणि ज्या पानांवर सम्राट, वेडा, जादूगार यांच्यासारखी ऐहिक पात्रे होती, त्यांना पुढे गूढविद्येचे पावित्र्य प्राप्त झाले. चित्राचा विषय आणि त्याचा उपयोग यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

उत्तर इटलीत 1440 च्या सुमारास चार रंगांच्या 56 पानांत आणखी 22 चित्रपानांची भर पडली. त्यांना ‘त्रिओन्फी’ म्हणत. इंग्रजीतील ‘ट्रंप’ हा शब्द त्यावरूनच आला, आणि मराठी खेळाडू ज्याला हुकूम म्हणतात तो हाच. म्हणजे आज ज्यांना ‘महारहस्ये’ म्हटले जाते ती बावीस पाने मुळात हुकमाची पाने होत. त्यांतील मूर्खाचे पान तेवढे क्रमाबाहेरचे. पुढे सुमारे तीन शतके या 78 पानांचा उपयोग प्रामुख्याने हात करण्याच्या खेळासाठीच होत राहिला. मायकेल डमेट यांनी 1980 च्या आपल्या ग्रंथात हे पुराव्यांनिशी मांडले आहे. डमेट हे फ्रेगेच्या भाषातत्त्वज्ञानाचे थोर भाष्यकार. अर्थ म्हणजे काय, या प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या या तत्त्वज्ञाने टॅरोविषयी अर्थ न शोधता खेळाचे नियम शोधले, ही गोष्ट मोठी सूचक आहे.

पानांना ‘वाचण्याची’ वस्तू बनवणारी घटना 1781 साली पॅरिसमध्ये घडली. आंत्वान कूर द जेबलँ यांनी आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी पानांच्या रूपात दडवून ठेवलेले ज्ञान होय असे प्रतिपादन केले, आणि त्याच्या समर्थनार्थ एक व्युत्पत्ती दिली : ‘तार’ म्हणजे मार्ग व ‘रो’ म्हणजे राजा, म्हणून टॅरो म्हणजे जीवनाचा राजमार्ग. ही फोड आकर्षक आहे. परंतु त्या वर्षी इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही माणूस युरोपात नव्हता. शांपोलियाँ यांनी ती उलगडण्यास प्रारंभ केला तो 1822 मध्ये, जेबलँ यांच्या मृत्यूनंतर 38 वर्षांनी. ज्या भाषेविषयी कोणालाच काही पडताळता येत नाही, तिच्यातून हवी ती व्युत्पत्ती काढता येते. स्थलनामांना पांडव किंवा राम-सीतेच्या कथा जोडणाऱ्या आपल्याकडील लौकिक व्युत्पत्ती याहून वेगळ्या नाहीत. फरक एवढाच की त्या गावच्या पारावर सांगितल्या जातात आणि ही विद्वानांच्या ग्रंथात अवतरली. जेबलँ यांच्याच खंडात कोंत द मेले यांनी बावीस पाने आणि हिब्रूची बावीस अक्षरे यांची जोड सुचवली. एलिफास लेवी यांनी 1850 नंतरच्या दशकात तिला पद्धतशीर रूप दिले, आणि 1888 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या मंडळाने ती जोड बदलून घेतली. एकाच पानाला एका परंपरेत एक अक्षर व दुसरीत दुसरे मिळाले. भाषेत चिन्हाचा यादृच्छिकपणा समाजाच्या संकेताने बांधलेला असतो. येथे तो बांधणारा समाज नव्हता, एकेका गुरूचा आग्रह तेवढा होता. ज्या ज्यू समाजाची ही अक्षरे, त्याला या व्यवहारात कोणी काही विचारले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

आज जगभर ज्या पानांवर ही साधना चालते ती बहुतांशी 1909 च्या डिसेंबरात लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या संचाची अपत्ये आहेत. संकल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची; दोघेही गोल्डन डॉनचे सभासद. वेट यांची भूमिका द्विधा आहे. इजिप्तची कथा त्यांनी नाकारली, भविष्यकथनाविषयी नापसंती दाखवली, पण पानांमागे एक गुप्त सिद्धान्त आहे हा दावा मात्र सोडला नाही. शक्ती आणि न्याय या दोन पानांचे क्रमांक त्यांनी आलटून-पालटून टाकले आणि त्याचे कारण वाचकाला सांगण्याची गरज नाही, असे 1911 च्या आपल्या सचित्र मार्गदर्शिकेत बजावले. कारण उघड होते : गोल्डन डॉनच्या तक्त्यात सिंह व तूळ या राशींचा क्रम जुळवायचा होता. शपथेने बांधलेला लेखक एकाच वेळी सांगू पाहतो आणि लपवू पाहतो. त्यामुळे त्यांचे गद्य जड आणि अर्धवट झाकलेले झाले आहे. टीकाग्रंथ म्हणून त्याची किंमत फारशी नाही.

याउलट स्मिथ यांची कामगिरी असामान्य आहे, आणि तिचे मोल उशिरा ओळखले गेले. 1878 मध्ये लंडनला जन्मलेल्या या चित्रकर्तीचे बालपण अंशतः जमैकात गेले. तेथील अनान्सीच्या लोककथा त्यांनी 1899 मध्ये पुस्तकरूपाने आणल्या. लंडनच्या रंगभूमीशी त्यांचा निकटचा संबंध होता. ऐंशीच्या आसपास चित्रे त्यांनी काही महिन्यांत पूर्ण केली. काम मोठे आणि पैसा अल्प, अशी खंत त्यांनी एका पत्रात व्यक्त केली आहे. 1951 मध्ये कॉर्नवॉलमध्ये त्या निवर्तल्या तेव्हा मागे कर्ज होते. संच मात्र दीर्घकाळ प्रकाशक आणि वेट यांच्याच जोडनावाने ओळखला गेला. चित्रांतली त्यांची चिमुकली नाममुद्रा हीच काय ती त्यांची खूण.

जुन्या मार्से पद्धतीच्या संचात रंगांची अंकपाने निव्वळ मोजणीची होती. पेल्यांच्या पंजावर पाच पेले, एवढेच. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सोला बुस्का संचाचा अपवाद होता आणि त्याची छायाचित्रे 1907 पासून ब्रिटिश म्यूझियममध्ये उपलब्ध होती. तीन तलवारींनी विद्ध झालेले हृदय तेथूनच आले असावे. स्मिथ यांनी मात्र सर्वच अंकपानांना प्रसंग दिले. त्यांच्या पेल्यांच्या पंजावर काळ्या झग्यातील एक आकृती मान खाली घालून उभी आहे. समोर तीन पेले लवंडले आहेत. पाठीमागे दोन सरळ उभे आहेत. पलीकडे नदी, नदीवर पूल, आणि त्यापुढे एक गढी. जणू पडदा उघडल्यावर दिसणारे दृश्य. त्यात पात्र आहे, घटना घडून गेली आहे, आणि मागचे दोन पेले व पूल पात्राला दिसत नसले तरी प्रेक्षकाला दिसतात.

आता या पानाखाली वेट काय लिहितात ते पाहावे. हानी झाली आहे पण काही उरले आहे, हा त्यांचा पहिला अर्थ चित्रातून सरळ निघतो. त्यापाठोपाठ ते वारसा, वडिलोपार्जित मिळकत, अपेक्षेहून कमी आलेला वाटा असे अर्थ देतात, आणि काहींच्या मते हे कटुतेने युक्त अशा विवाहाचे पान होय असेही नोंदवतात. हे अर्थ चित्रात कोठेच नाहीत. ते जुन्या भविष्यवेत्त्यांच्या याद्यांतून उचललेले आहेत. म्हणजे एकाच पानावर दोन कोश एकमेकांवर रचले गेले : एक शब्दांचा, दुसरा दृश्याचा. पुढील शंभर वर्षांत काय झाले हे अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाला उद्बोधक ठरावे. वारसा आणि मिळकत हे अर्थ जवळजवळ लोपले. पाठ फिरवून उभी असलेली शोकमग्न आकृती उरली. कोश हरला आणि चित्र जिंकले. टॅरोला आज जर काही भाषा असेल तर ती इजिप्तची नव्हे, हिब्रूची नव्हे आणि वेट यांचीही नव्हे. ती 1909 साली एका चित्रकर्तीने घडवलेली आहे.

या भाषेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. चित्राला काळ नसतो. ते ‘पेले सांडले’ म्हणते, ‘सांडतील’ म्हणते की ‘सांडू नयेत’ म्हणते, हे चित्रावरून ठरत नाही. ती उणीव मांडणी भरून काढते : पहिली जागा भूतकाळाची, दुसरी वर्तमानाची, तिसरी भविष्याची, अशा योजनेत पानाची जागा हीच जणू क्रियापदाचा प्रत्यय होते. ही व्यवस्था बऱ्यापैकी चालते. नकाराची तशी सोय नाही. ज्याने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचे शास्त्रच रचले तो अठराव्या शतकातील एतेला (हे अलिएत या आडनावाचे उलटे वाचन) याने उलट्या पडलेल्या पानाला वेगळा अर्थ दिला, आणि नकाराची जागा या उलटेपणाने घेतली असे वाटू शकते. पण ते खरे नाही. वेट यांच्याच यादीत दंडांच्या चौकडीचा अर्थ पान उलटे पडले तरी बदलत नाही. सूर्याचा अर्थ तोच राहतो पण क्षीण होतो. अन्य काही पानांचा नेमका विरुद्ध होतो. जो प्रत्यय कधी नकार करतो, कधी अर्थ सौम्य करतो आणि कधी काहीच करत नाही, त्याला व्याकरणात प्रत्यय म्हणता येणार नाही. जे साधक उलटी पाने सरळ करून घेतात त्यांची भाषिक जाण, त्यांना कळत नसले तरी, अधिक बरोबर आहे.

‘मॅजिक’ या संज्ञेच्या अंती जादा ‘के’ लावून तिला नवे रूप देणाऱ्या ॲलिस्टर क्रोली (1875–1947) यांच्या प्रणालीचा येथे ओझरताच विचार पुरे. रंगमंचावरील हातचलाखीपासून आपली विद्या वेगळी दिसावी हा त्यांचा उद्देश होता. वास्तविक हे सतराव्या शतकातील इंग्रजीचे सर्वसामान्य लेखन होते. इच्छेनुसार बदल घडवून आणण्याचे शास्त्र आणि कला अशी त्यांची व्याख्या आहे. ती इतकी व्यापक आहे की चहा करणेही तीत बसते. 1938 ते 1943 या काळात फ्रीडा हॅरिस यांनी त्यांच्यासाठी काढलेली टॅरोचित्रे मात्र प्रथम दर्जाची आहेत. त्याच वर्तुळाच्या कडेला वावरलेल्या ऑस्टिन स्पेअर यांनी 1913 मध्ये इच्छेचे वाक्य लिहून त्याची अक्षरे एकमेकांत गुंफण्याची आणि त्यांतून न वाचता येणारी मुद्रा घडवण्याची पद्धत मांडली. 1970 नंतरच्या दशकात पीटर कॅरल यांनी तिचा प्रसार केला. बीजमंत्रात ध्वनी राहतो आणि वाच्यार्थ गळतो. येथे ध्वनीही गळतो व अर्थही, आणि मुद्रा करणाऱ्याने मूळ वाक्य विसरावे अशी अपेक्षा असते. टॅरो वाचायचा असतो, मुद्रा वाचायची नसते. दोन्ही एकाच वैकल्पिक अध्यात्माच्या दालनात विकल्या जात असल्या तरी भाषेच्या दृष्टीने त्या परस्परविरोधी क्रिया आहेत.

वैयक्तिक साधनेच्या वळणावर उभा असलेला ग्रंथ म्हणजे मेरी ग्रीअर यांची 1984 ची अभ्यासपुस्तिका. स्वतःची पाने स्वतः पाहू नयेत, असा त्यापूर्वीचा सर्वसाधारण संकेत होता. ग्रीअर यांनी तो उलटवला. पान काढावे, त्यात काय दिसते ते आपल्या शब्दांत लिहावे, मग त्यातील पात्राच्या जागी ‘मी’ घालून तेच पुन्हा म्हणावे, आणि हे सर्व दैनंदिनीत नोंदवावे, अशी त्यांची रीत. त्यात कोशाचे महत्त्व घटते आणि वर्णनाचे वाढते. या रीतीचे उत्तम स्पष्टीकरण युरी लोत्मन यांच्या 1973 च्या निबंधात मिळते; त्यांचा विषय टॅरो नव्हता, हा भाग निराळा. संप्रेषणाची दोन प्रतिमाने ते सांगतात. ‘मी–तो’ या प्रतिमानात संदेश एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ‘मी–मी’ या प्रतिमानात संदेश नवा नसतोच. बाहेरून एक वेगळा संकेत त्यात शिरतो आणि त्याच्या दाबाखाली संदेशाची, व पर्यायाने ‘मी’ची, पुनर्रचना होते. प्रश्नकर्त्याला आपले दुःख ठाऊक असते. आपल्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत हे वाक्य मात्र त्याने बनवलेले नसते. ते चित्राने त्याच्यावर लादलेले असते.

येथे मानसशास्त्राचा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता येणार नाही. बर्ट्राम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना स्वतंत्र म्हणून एकच व्यक्तिचित्र दिले. त्यातील वाक्ये ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून घेतली होती. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. दुसऱ्याच्या मोघम वाक्यात माणूस आपला तपशील भरतो. पेशेवर भविष्यवेत्त्याला हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. आत्मवाचनात तो वेगळ्या रूपात मांडावा लागेल : जेथे वाक्य आणि तपशील दोन्ही एकाच व्यक्तीचे, तेथे वाक्याला विरोध कोण करणार? कोकणात आणि गोव्यात देवळांत कौल लावला जातो, तेव्हा प्रश्न गाऱ्हाण्याच्या ठरीव शब्दांत चारचौघांसमोर उच्चारला जातो. उत्तर होय किंवा नाही असे दोनच पदरी असावे लागते. उजवी की डावी, कोणती पाकळी आधी पडली हे सर्वांना दिसते. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या व्यवहारात साक्षी असतात आणि उत्तराला धार असते. टॅरोच्या मार्गदर्शिका नेमके उलट सांगतात : होय-नाहीचे प्रश्न विचारू नका, ‘काय’ आणि ‘कसे’ विचारा. त्यामुळे उत्तर समृद्ध होते खरे; पण ते चुकीचे ठरण्याची शक्यता राहत नाही. या साधनेत विरोध करू शकणारी वस्तू एकच उरते, आणि ती म्हणजे चित्र. आठ तलवारींच्या पानावरील स्त्री डोळे बांधलेली आहे, परंतु तिच्याभोवतीचे तलवारींचे कुंपण अपुरे आहे. कितीही इच्छा असली तरी ते पुरे करता येत नाही. जोवर वाचणारा असे तपशील गिळून टाकत नाही तोवर आत्मवाचन हे वाचन राहते. नंतर ती दैनंदिनी पुन्हा उघडून पाहिली गेली तर आणखी थोडी मदत होते.

म्हणूनच पानावर काय काढले आहे आणि त्याखाली काय छापले आहे, हा प्रश्न निव्वळ सजावटीचा ठरत नाही. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर टॅरोचे जे साप्ताहिक भविष्य येते, त्यात बारा राशींना एकेक पान वाटलेले असते. पान काढण्यात वाचकाचा हात नसतो आणि चित्रही त्याच्यासमोर क्वचितच असते. ते टॅरोच्या वेषातील राशिभविष्य होय. त्याची अधिक चर्चा नको. ओशो झेन टॅरो या 1994 च्या संचाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पुण्यात वाढलेल्या एका आध्यात्मिक चळवळीतून तो निघाला, मा देवा पद्मा यांची चित्रे देखणी आहेत, आणि एकांतात पाने पाहणाऱ्यांत तो लोकप्रिय आहे. भविष्य सांगणे हा आपला हेतू नाही, सध्याच्या क्षणाकडे पाहणे हा आहे, अशी त्याची भूमिका. ती ग्रीअर यांच्या भूमिकेपासून दूर नाही. परंतु प्रत्येक पानाखाली एक शब्द किंवा पद छापलेले आहे. मृत्यूच्या तेराव्या पानावर ‘रूपांतर’ या अर्थाचा शब्द आला आहे, सैतानाच्या पानावर ‘संस्कारबद्धता’ या अर्थाचा. पेल्यांच्या पंजाच्या जागी जलाचे पाचवे पान आहे, आणि त्याखालचे पद ‘भूतकाळाला चिकटून राहणे’ असे आहे.

रोलाँ बार्त यांनी 1964 मध्ये चित्राखालच्या मजकुराला नांगर म्हटले होते. चित्राचे तरंगणारे अर्थ तो एका जागी बांधतो. येथे नांगर टाकला गेला आहे तो निदानाच्या जागी. स्मिथ यांच्या पानावर काळ्या झग्यातील आकृती शोक करते आहे आणि तिचा शोक योग्य की अयोग्य हे पान सांगत नाही. नुकतेच ज्याचे माणूस गेले आहे अशा वाचकाने ते पान काढले तर उरलेले दोन पेले आज पाहायचे की आणखी सहा महिन्यांनी, हे ठरवायला त्याला जागा आहे. जलाचे पाचवे पान त्याला सांगते की तो चिकटून राहिला आहे. रूपांतराच्या पानावरही तोच प्रकार होतो : मृत्यू हा शब्द काढून टाकल्याने भीती कमी होत असेल, पण स्मिथ यांच्या पानावर घोड्यावरील सांगाड्यापुढे जो राजा कोसळून पडला आहे आणि जे मूल वर पाहत आहे, त्या दोघांना एकत्र ठेवणारा शब्द ‘मृत्यू’ हाच होता.

या संचात नेहमीच्या 78 ऐवजी 79 पाने आहेत. जादा पानाला क्रमांक नाही, रंग नाही आणि कोणत्याही जुन्या संचात त्याचा प्रतिरूप सापडत नाही. त्यावर ओशो यांची आकृती आहे, नाव ‘द मास्टर’. पाने पिसली की तेही इतरांत मिसळते, आणि एकट्याने बसलेल्या वाचकाच्या हाती कधीतरी येते.